‘चाकू हातात द्या’ या पत्रकाचं शुद्धिपत्र

तुमच्या घरात चाकू हातात देतात, की खाली ठेवतात आणि समोरचा तो उचलून घेतो?

खाली ठेवत असाल तर का, हे कधी विचारलंय? विचारलं असेल तर उत्तर एकच मिळालं असेल: हातात दिला की भांडण होतं. पंधरा वर्षांची असताना मला या उत्तराचा इतका राग आला की मी त्यावर पत्रक लिहिलं. आज ते दुरुस्त करायला बसले आहे, आणि एका जागी बसवत नाही. दोनदा उठून अंगणात जाऊन आले.

आमच्या घरी मला गोष्टीची पुस्तकं उशिरा मिळाली, पत्रकं आधी. बाबा धान करतात आणि धानातून उरलेल्या वेळात पत्रकं काढतात. दारूवर, सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्यावर, गावतलावातल्या गाळावर. करडी गावातल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत एका भिंतीला धानाची पोती आणि दुसऱ्या भिंतीला पत्रकांचे गठ्ठे. मी त्या गठ्ठ्यांवर बसून अक्षरं शिकले. ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ हे मी वाचलेलं पहिलं वाक्य, आणि कित्येक दिवस मला वाटायचं की वाक्याची सुरुवात करायची ती अशीच.

माझ्या पत्रकात शिंक होती, आडवी जाणारी मांजर होती, तिन्हीसांजेला केर काढणं होतं. चौथ्या मुद्द्यात चाकू होता. ‘भांडण चाकूने होत नाही, माणसांनी होते. चाकू हातात द्या.’ बाबांना ते वाक्य एवढं आवडलं की त्यांनी मांजर आणि शिंक खाली ढकलली आणि ‘चाकू हातात द्या’ हेच मोठ्या टाइपात वर लावलं. आठवडी बाजारात आम्ही दोघांनी ते वाटलं. मी त्या दिवशी जमिनीवरून दोन बोटं वर चालत होते.

तेव्हापासून आमच्या घरी चाकू हातातच द्यायचा, असा नियम झाला. पाहुणे दचकायचे. हात मागे घ्यायचे. मग बाबा त्यांना पत्रक द्यायचे. आई या सगळ्यात नव्हती. ती पावशीवर भाजी चिरते. कुणी पुण्या-मुंबईचं वाचत असेल तर सांगते, पावशी म्हणजे तुमची विळी. आई म्हणायची, “माही पावशी कोनी हातात मागत नाही. ज्याले कापाचं आहे तो पावशीपाशी येते.” आम्ही हसायचो. ती काय सांगत होती ते मला कळायला नऊ वर्षं लागली.

बाबांचा चाकू तीन पात्यांचा होता. घडीचा, खिशात मावणारा. मोठं पातं गठ्ठ्याच्या सुतळीसाठी. लहान पातं दुमडलेले कागद फाडायला. तिसरं पातं नव्हतंच, जाड सुईसारखा टोच्या होता, आठ-दहा पानांची पुस्तिका शिवायची असली की त्याने भोकं पाडायची. पाती उघडी राहतात ती आतल्या कमानीच्या जोरावर. कमान म्हणजे पाठीमागची पोलादी पट्टी. पातं पूर्ण उघडलं की ती ‘टक्’ असा आवाज करून त्याला धरून ठेवते. बाबा खिशातून चाकू काढून पातं उघडायचे तेव्हा तो ‘टक्’ ऐकायचेच. पेन लिहितं का ते आपण कोपऱ्यात रेघ मारून बघतो, तसं.

तो चाकू मी भंडाऱ्याला कॉलेजात नेला होता. मोर्चाचे फलक रंगवायचे होते, रंगाच्या डब्याचं झाकण निघत नव्हतं, मी मोठं पातं झाकणाखाली घातलं आणि उचकटलं. झाकण निघालं. त्या दिवसापासून चाकू ‘टक्’ म्हणायचा नाही, ‘टुप’ म्हणायचा. मी तो तसाच घरी आणून बाबांच्या शर्टाच्या खिशात ठेवला आणि काही बोलले नाही. ज्या मुलीने सगळ्या तालुक्याला खरं बोला म्हणून पत्रकं वाटली, तिला घरात एवढं एक वाक्य बोलता आलं नाही.

यंदाची मळणी झाल्यावरची गोष्ट. माझ्या पत्रकाची दुसरी छपाई भंडाऱ्याहून आली होती. पुढच्या खोलीत गावातले तिघं-चौघं बसलेले. बाबांनी गठ्ठा पुढ्यात ओढला आणि माझ्याकडे हात केला. चाकू माझ्याजवळ होता, पेन्सिलीला टोक करत होते. मी तो उघडाच, मूठ त्यांच्याकडे करून, जरा थाटातच दिला. लोकांनी बघावं म्हणून. त्यांनी तो तसाच घेतला आणि सुतळीच्या गाठीत टोक खुपसलं. कमानीने धरलं नाही. पातं उलटं मिटलं, त्यांच्या बोटावर.

उजव्या हाताचं पहिलं बोट. नस तुटली. टाके पडले, जखम भरली, पण बोट वाकत नाही. आता बाबा चहाचा कप धरतात तेव्हा ते बोट बाहेर राहतं, काही दाखवत असल्यासारखं.

बसलेल्यांपैकी एकाने दवाखान्यात जाताजाता म्हटलंच, “म्हनून खाली ठेवाव म्हन्तेत.” बाबांनी रक्ताचा टॉवेल हाताला गुंडाळलेला असताना त्याला उत्तर दिलं, “पत्रक बराबर आहे. चाकू जुना झाला होता.”

पत्रक बरोबर आहे, चाकू जुना झाला होता. हे वाक्य त्यानंतर मी किती वेळा ऐकलं. येणाऱ्या प्रत्येकाला बाबा ते सांगायचे. आणि तो गठ्ठा तसाच बांधलेला पडून राहिला. दुसऱ्या कुणाला उघडू द्यायचा नाही. “मीच उघडीन.” नवीन काही लिहायलाही घेतलं नाही. मी आईची कात्री घेऊन गठ्ठ्याजवळ गेले तर म्हणाले, “राहू दे. चाकू आन मले.”

म्हणून मी चाकू शोधायला निघाले. मला वाटत होतं, चांगला चाकू आणला की सगळं परत जागच्या जागी बसेल, आणि मला ते एक वाक्य कधीच बोलावं लागणार नाही.

भंडाऱ्याच्या बाजारात पहिल्या दुकानात मी म्हटलं, घडीचा चाकू दाखवा. दुकानदाराने भाजीचे चार चाकू मांडले. मी म्हटलं, खिशातला पाहिजे. त्याने माझ्या कुर्त्याकडे पाहिलं. “खिसा कुठं आहे?”

खरंच नव्हता. खिशातल्या चाकूवर मी केवढ्या तावातावाने बोलत होते आणि माझ्या एकाही कपड्याला खिसा नव्हता. त्याच आठवड्यात मी दोन कुर्त्यांना खिसे शिवून घेतले. शिवणाऱ्या बाईंनी विचारलं, “कायले वो, मोबाइलसाठी?” मी म्हटलं, चाकूसाठी. त्यांनी खिसा थोडा खोल शिवला.

फोनवरही शोधलं. फोटो एकाहून एक चकचकीत, पण फोटोत आवाज येत नाही.

दुसऱ्या दुकानात एक मिळाला. अकरा कामं करणारा. दोन पाती, करवत, कात्री, डबा उघडणी, पेचकस आणि काय काय. मी उतावीळ होते, नीट पाहिलं नाही. एसटीत बसून खिशातल्या खिशात चाचपत घरी आले आणि बाबांना दिला. त्यांनी मोठं पातं उघडायला घेतलं तर बरोबर करवतही उठली. पातं हलवलं तर ते डुलायला लागलं. कात्री अर्ध्यावर अडली. पात्यावर नख घालायची जी खाच असते ती एवढी उथळ की त्यांच्या उरलेल्या बोटांना सापडेना. त्यांनी तो परत माझ्या हातात ठेवला.

“हा चाकू नोहे, पोरी. जाहीरनामा आहे. अकरा कलमं, अन एकही उघडत नाही.”

तो अपघातानंतरचा त्यांचा पहिला विनोद. मी हसले, आणि लगेच तोंड फिरवलं. मग म्हटलं, “बाबा, तुम्हीच चला. तुमचा हात सोबत असल्याशिवाय चाकू निवडता येत नाही.”

पुढच्या सोमवारी आम्ही निघालो. वैनगंगेच्या पुलावर एसटी हळू झाली तेव्हा मी त्यांना ते सांगणार होते. नदीकडे बघत बोलायचं असं ठरवलं होतं. पूल संपला.

पितळी भांड्यांच्या एका जुन्या दुकानात, पाण्याचे गुंड आणि पराती यांच्या मागे, काचेच्या कपाटात मला दोन घडीचे चाकू दिसले. दुकानदार बाबांच्याच वयाचे, कपाळाला गंध, मांडीवर पुसायचं फडकं. त्यांनी चाकू बाहेर काढले नाहीत, आधी विचारलं.

“कायले पायजे?”

“सुतळी, कागद अन शिवन,” बाबा म्हणाले.

“मंग तीन पात्याचा. जास्तीचा घेऊ नका.”

त्या दोन्हींना तीनच पाती होती. एकाची मूठ शिंगाची, काळी-पिवळी, झळाळती. दुसऱ्याची साधी शिसवी. मी शिंगाच्या मुठीला हात घातला. दुकानदारांनी तो माझ्याकडून घेतला, मिटवला आणि दिव्यासमोर आडवा धरला.

“पाठीकडून पाहा. उजेड दिसते का?”

कमान आणि तिच्या शेजारची पितळेची पट्टी यांच्या मध्ये केसाएवढी उजेडाची रेघ होती.

“दिसतो,” मी म्हटलं.

“दिसाले नाही पायजे. इथून घाम शिरते, पानी शिरते, अन कमान आतून सडते. वरून शिंग चमकत राहते.” त्यांनी शिसवी मुठीचा तसाच धरला. तिथे उजेड नव्हता. “आतली पट्टी पितळेची पायजे. लोखंडाशेजारी लोखंड ठेवलं त दोघंबी एकमेकाले खाते. अन खिळे पाहा, बोट फिरवा. बोटाले लागले नाही पायजे.” त्यांनी तिन्ही पाती एकेक करून उघडली. टक्. टक्. टक्. मोठं पातं चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवलं, ते हललं नाही. मग मिटवताना मला दाखवलं, “तिन्ही एकमेकाले न घासता आत गेली पायजे. घरातल्या जावा-जावासारखी नाही.”

“भावा-भावांसारखी म्हणा ना,” मी म्हटलं. “सातबारा कोण फाडतं?”

ते बाबांकडे वळले. “पोरगी तिखट आहे.”

“पत्रकावर वाढली,” बाबा म्हणाले. त्यात तक्रार होती की अभिमान, मला आजही सांगता येत नाही.

दुकानदारांनी शिसवी चाकूचं मोठं पातं पुन्हा उघडलं आणि चाकू बाबांसमोर फडक्यावर ठेवला. बाबांनी उचलला नाही. त्यांनी हात पुढे केला. तळवा वर, चार बोटं अर्धी मिटलेली, एक ताठ.

“घ्या ना,” दुकानदार म्हणाले.

“द्या ना,” बाबा म्हणाले.

“ठेवला ना समोर.”

“आम्ही ठेवलेला उचलत नसतो. हातात द्या.”

“आम्ही हातात देत नसतो. माह्या बापानं बी कोनाले देला नाही.”

“काहून?”

“भांडन होते.”

“ते तर आताच होऊन राहिलं,” मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. बाबांचा हात तसाच हवेत. दोघंही मागे हटणार नव्हते, आणि मधे तो चाकू, दिव्याखाली, उघडा. दुकानदारांची नजर त्या ताठ बोटावर गेली.

“अन हे बोट कशानं?”

“जुना चाकू होता,” बाबा म्हणाले. तेच वाक्य. पुढे काय येणार ते मला माहीत होतं. पत्रक बराबर आहे.

मला ते पुन्हा ऐकवेना. मी म्हटलं, “जुना नव्हता. मी बिघडवला होता. रंगाचा डबा उचकटला त्याने. कमान गेली होती, मला माहीत होतं. माहीत असून मी तो उघडा दिला.”

एवढंच होतं ते वाक्य. इतके महिने मी ते घेऊन फिरत होते, आणि ते एका परक्या माणसाच्या दुकानात, पितळेच्या परातींसमोर बोलले. दुकानदारांनी फडकं उचललं आणि एक गुंड पुसायला घेतला, जो आधीच स्वच्छ होता.

बाबांनी चाकूकडे पाहिलं.

“पात्याले पांढरा रंग लागला होता,” ते म्हणाले. “कधीचाच पाहिला होता मी. आवाज बी ऐकला होता. कमान ढिली झाली, मले मालूम होतं.”

“मग तसाच का घेतला?”

“तू देलास. लोकं बसले होते. मिटवून, उघडून पाह्यला असता, त ते म्हनले असते, पाहा, पत्रकवाला भेला.”

मला काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. हलकं वाटायला हवं होतं. मला राग आला. त्यांचा, माझा, त्या मोठ्या टाइपातल्या ओळीचा. दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही एका छापील वाक्याची लाज राखायला बोट दिलं. मी दुकानाच्या पायरीपर्यंत गेले, रस्त्यावरचे ऑटो बघितले, परत आले.

परत आले तेव्हा दुकानदारांनी गुंड बाजूला ठेवला होता. त्यांनी चाकू उचलला, पातं मिटवलं आणि तळव्यावर ठेवून बाबांसमोर धरला.

“हा घ्या. मिटला का चाकू राहत नाही, लाकडाचा तुकडा होते. असा हातात देल्यानं कायचं भांडन? मिटलं.”

काय मिटलं, चाकू की भांडण, ते त्यांनी सांगितलं नाही. बाबांनी तो हातात घेतला.

मग मी त्यांना निवड करताना पाहिलं. घाई नाही. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख त्यांनी पात्याच्या खाचेत घातलं; खाच खोल होती, नख बसलं. टक्. मिटवलं. पुन्हा उघडलं. मग उजव्या हाताने मूठ धरून पाहिली, पहिल्या बोटाचं काम मधल्या बोटाला देऊन. लहान पातं. टक्. टोच्या जरा जड निघत होता. दुकानदार म्हणाले, तेलाचा एक थेंब सोडा आणि आठ दिवस उघड-मीट करा. बाबांनी शिंगाच्या मुठीच्या त्या दुसऱ्या चाकूकडे पाहिलंसुद्धा नाही. मला मात्र तो अजूनही सुंदर वाटत होता, आणि त्याचीही मला चीड आली.

एसटीत त्यांनी चाकू माझ्या नव्या खिशात ठेवायला दिला. मिटलेला. वाटेत एकदा ते म्हणाले, “तुही माय बराबर बोलत होती. पावशी.” मला काय ते विचारावं लागलं नाही. पावशी असो की खाली ठेवलेला चाकू, माणूस त्याच्यापाशी स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या डोळ्यांनी जातो. कसं धरायचं ते तो ठरवतो. भांडणाची भीती हे त्या शहाणपणाला बांधलेलं जुनाट कापड होतं. मी कापड फाडलं ते बरंच केलं. आत काय बांधलंय ते बघितलं नाही, ही माझी चूक. भांडण होतं, हे मी आजही मानत नाही. कुणी ‘बघ, शेवटी परंपराच खरी’ म्हणायला आमच्या दारात येणार असेल तर येऊ नये. परंपरेने एवढंच सांगितलं, खाली ठेव. का, ते नाही सांगितलं. न सांगता दिलेला नियम पंधरा वर्षांची मुलगी मोडणारच.

घरी आल्यावर बाबांनी गठ्ठा ओढला. मी चाकू दिला. त्यांनी तो उघडला, ‘टक्’ ऐकला, आणि सुतळीखाली पातं घालून धार वर करून ओढली. पहिल्यांदा निसटली. दुसऱ्यांदा तुटली. आई दारात पातीच्या कांद्याची जुडी घेऊन उभी होती. ती म्हणाली, “झालं का सुरू पुन्हा तुमचं,” आणि आत गेली. पण कांदा चिरल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

पत्रकं मोकळी झाली. वरच्या प्रतीवर तीच ओळ, मोठ्या टाइपात. मी पेन घेतलं आणि म्हटलं, यात एक शब्द घालायचा आहे. बाबा म्हणाले, छापलेल्यात हात घालू नये, वेगळं शुद्धिपत्र काढावं. मी म्हटलं, शुद्धिपत्र कोण वाचतं. ते म्हणाले, शब्द शेवटी घाल: ‘चाकू हातात द्या, मिटून’. मी म्हटलं, शेवटी घातला तर लोक द्या म्हटल्यावर देऊन मोकळे होतील, मिटून वाचायच्या आधीच. यावर आम्ही चहा थंड होईपर्यंत वाद घातला. शेवटी शब्द मधे गेला. बाबांनीही पेन धरलं, ताठ बोट बाहेर ठेवून. त्यांचं अक्षर आता वाकडं येतं. त्यांच्या हाताच्या प्रती मी वेगळ्या काढल्या नाहीत, सगळ्या एकत्रच बांधल्या.

दुसऱ्या छपाईची सोय झाली. पहिली छपाई मात्र बाहेर आहे. नऊ वर्षांपूर्वी ती आम्ही बाजारात, एसटीत, वरठीच्या स्टेशनवर, मिळेल त्या हातात दिली होती. कुणाच्या वहीला तिचं कव्हर असेल, कुणाच्या फडताळात डब्याखाली अंथरलेली असेल. तुमच्या घरी असेल तर आज ती शोधा. पेन घ्या, आणि वरच्या ओळीत ‘चाकू’ आणि ‘हातात’ यांच्या मधे एक शब्द लिहा: मिटून.